एक ‘चेक’, अनेक अर्थ : इंग्रजी शब्दाचा माग काढण्याची रीत

‘चेक’ हा इंग्रजी शब्द सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी माणसे सारख्याच सहजतेने वापरतात आणि तो इंग्रजी आहे याची आठवणही कोणाला राहत नाही. मात्र इंग्रजी शब्दकोश उघडून त्याचा अर्थ पाहायला गेलेला नवखा वाचक गोंधळतो. त्या एका शब्दाखाली अडथळा, लगाम, तपासणी, धनादेश, चौकडीचे कापड, बुद्धिबळातील शह, सामानाचा बिल्ला असे एकमेकांशी काहीही संबंध नसल्यासारखे दिसणारे अर्थ क्रमांक घालून मांडलेले असतात. अशा वेळी बहुतेक विद्यार्थी ही यादी पाठ करतात आणि ती महिन्याभरात विसरतात. हे अर्थ कोणत्या क्रमाने एकातून एक निघाले ते शोधले, तर पाठांतराची गरज उरत नाही. हा क्रम शोधण्यासाठी भाषाशास्त्राची पदवीही लागत नाही. मराठी माध्यमातून शिकलेल्या आणि शब्दकोश प्रथमच गांभीर्याने हाताळणाऱ्या वाचकासाठी ती रीत येथे ‘चेक’ याच शब्दावर करून दाखवली आहे.

साहित्य थोडे लागते. एक वही, पेन्सिल आणि व्युत्पत्ती, म्हणजे शब्दाच्या मुळाची माहिती, देणारा एक इंग्रजी शब्दकोश जवळ असावा. शालेय उपयोगाच्या लहान कोशांत व्युत्पत्ती बहुधा नसते, त्यामुळे आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात किंवा हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या वाचनालयात मोठा कोश मागून पाहावा. मोबाइलवर ‘ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी’ विनामूल्य वाचता येते. मराठी बाजू पडताळण्यासाठी मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश उपयोगी पडतो. १८३१ साली निघालेल्या या कोशाची १८५७ची सुधारित आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते.

पहिली पायरी : शब्द गावातून गोळा करावा

शब्दकोश लगेच उघडू नये. आधी तो शब्द आपल्या कानावर कोठे कोठे पडतो ते वहीत लिहावे आणि शब्द सुटा न लिहिता पूर्ण वाक्य लिहावे. नवी पेठेतल्या बँकेत ‘चेक वटला नाही’ असे ऐकू येते. दवाखान्यात ‘बीपी चेक करून घ्या’ असे सांगतात. स्टेशनवर तिकीट चेकर भेटतो, लॉजवर ‘चेक-इन किती वाजता?’ असे विचारतात, आणि विजापूर किंवा अक्कलकोट रस्त्याने कर्नाटकाकडे निघालेले ट्रकचालक चेक पोस्टविषयी बोलतात. बुद्धिबळ खेळणारी मुले ‘चेक’ आणि ‘चेकमेट’ म्हणतात.

पूर्ण वाक्याचा आग्रह कशासाठी, ते कापडाच्या धंद्यातील एका जोडीवरून कळते. चाटी गल्लीतील दुकानात ‘कापड चेक करून पाठवा’ आणि ‘चेकचे कापड पाठवा’ ही दोन्ही वाक्ये एकाच माणसाच्या तोंडी एकाच सकाळी येऊ शकतात. पहिल्यात शब्द क्रियापदाला चिकटलेला आहे आणि त्याचा अर्थ तपासणे असा आहे, तर दुसऱ्यात तो नक्षीचे नाव आहे. वहीत नुसता ‘चेक’ लिहून ठेवला असता, तर हा फरक नंतर कधीच लक्षात आला नसता. सोलापुरात शालेय गणवेश शिवण्याचा व्यवसाय मोठा असल्यामुळे दुसऱ्या अर्थाची उदाहरणे येथे इतर गावांपेक्षा जास्त मिळतील, आणि त्याचा लाभ घ्यावा.

दुसरी पायरी : गट पाडावेत आणि अंदाज लिहावा

जमलेली वाक्ये अर्थानुसार वेगळी करावीत. ‘चेक’च्या बाबतीत साधारणपणे पाच गट पडतात : खेळातील शह, थांबवणे किंवा अडवणे, तपासणे, कागद किंवा बिल्ला, आणि चौकडीची नक्षी. एखादे वाक्य दोन गटांत बसते असे वाटले, तर ते दोन्हीकडे लिहून पुढे प्रश्नचिन्ह करावे, कारण अशीच वाक्ये पुढे सर्वांत जास्त कामाला येतात. चेक पोस्ट हे त्याचे चांगले उदाहरण आहे. तेथे वाहन अडवलेही जाते आणि तपासलेही जाते.

यानंतर पेन्सिलने एक अंदाज लिहावा : या पाचांपैकी मूळ अर्थ कोणता असावा? बहुतेक जण ‘तपासणे’ असे लिहितात, कारण तो अर्थ रोज सर्वांत जास्त वापरात आहे. अंदाज चुकला तरी हरकत नाही, पण तो लिहिलेला असला पाहिजे. अंदाज न करता कोश उघडणारा वाचक कोशातले सगळे काही मान हलवत वाचतो आणि त्याला कशाचेच आश्चर्य वाटत नाही.

तिसरी पायरी : कोशातील नोंद वाचायला शिकावे

नोंदीत चार गोष्टी पाहायच्या असतात. पहिली म्हणजे शब्दाच्या डोक्यावर लहान आकड्यात लिहिलेला क्रमांक. एकच स्पेलिंग असलेले पण वेगवेगळ्या मुळांचे शब्द कोशकार निरनिराळ्या क्रमांकांखाली देतात. ‘तपासणे’ आणि ‘चौकडी’ एकाच नोंदीत आहेत की दोन वेगळ्या नोंदींत, हे आधी पाहावे. दुसरी गोष्ट म्हणजे नाम, क्रियापद, विशेषण हे दाखवणारी संक्षिप्त अक्षरे. तिसरी गोष्ट म्हणजे अर्थांचा क्रम, आणि येथेच नवखा वाचक हमखास फसतो. विद्यार्थ्यांसाठी केलेले कोश सर्वांत प्रचलित अर्थ आधी देतात, तर ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीसारखा ऐतिहासिक कोश सर्वांत जुना अर्थ आधी देतो. आपल्या हातातला कोश कोणत्या प्रकारचा आहे ते त्याच्या प्रस्तावनेत लिहिलेले असते. प्रस्तावना सहसा कोणी वाचत नाही, पण कोशाच्या बाबतीत ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

चौथी गोष्ट म्हणजे चौकटी कंसात दिलेली व्युत्पत्ती आणि तिच्यासोबतचे साल किंवा शतक. हे साल शब्दाच्या जन्माचे नसून तो लेखनात प्रथम सापडल्याचे असते, आणि बोलण्यात तो शब्द त्याआधी कितीतरी वर्षे असू शकतो. म्हणून वहीत ‘चौदाव्या शतकात जन्मला’ असे न लिहिता ‘चौदाव्या शतकापासून लेखनात आढळतो’ असे लिहावे.

चौथी पायरी : शब्दाला मागे मागे न्यावे

येथून खरे काम सुरू होते. ‘चेक’ची व्युत्पत्ती उलट्या दिशेने वाचत गेल्यास इंग्रजीच्या मागे जुनी फ्रेंच लागते आणि तेथे शब्दाचे रूप ‘एशेक’ असे आहे. त्यातील आरंभीचा आघातहीन स्वर इंग्रजीत गळून पडला. त्याच्या मागे मध्ययुगीन लॅटिनमधील ‘स्काक्कुस’ हा शब्द आहे. त्याच्याही मागे अरबी आहे, आणि अरबीच्या मागे फारसीतील ‘शाह’, म्हणजे राजा. चतुरंग हा बुद्धिबळाचा पूर्वज असलेला खेळ भारतातून साधारण सहाव्या शतकात इराणात गेला. सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकल्यावर तो त्यांच्याकडे शतरंज या नावाने आला, आणि स्पेन व इटलीच्या वाटेने तो युरोपात पोहोचला. खेळाबरोबर खेळातली हाकही गेली. प्रतिपक्षाच्या राजावर हल्ला होताच खेळाडू ‘शाह’ म्हणून त्याला सावध करीत. युरोपात पोहोचेपर्यंत त्या हाकेतील ‘श’चे आणि ‘ह’चे उच्चार तेथील जिभांना जमतील तसे बदलले आणि ‘राजा’ हा अर्थ पूर्णपणे विसरला गेला. उरला तो फक्त ‘राजावर हल्ला’ हा अर्थ. इंग्रजीत ‘चेक’ लेखनात प्रथम येतो तो याच अर्थाने. ‘चेस’ हे खेळाचे इंग्रजी नावसुद्धा त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनापासून आले आहे.

म्हणजे मूळ अर्थ खेळातला ठरतो आणि ‘तपासणे’ हा पेन्सिलने लिहिलेला अंदाज खोडावा लागतो.

आता मराठी वाचकाने थांबून आपल्या भाषेकडे पाहावे. मराठीतील ‘शह’ हा शब्द मोल्सवर्थमध्ये काढला, तर तोही फारसीतूनच आलेला दिसतो. म्हणजे ‘शह’ आणि ‘चेक’ हे एकाच फारसी शब्दाचे दोन वंशज आहेत. त्यांपैकी एक दख्खनच्या फारसी कारभाराच्या काळात थेट आपल्याकडे आला, आणि दुसरा बगदाद, स्पेन, फ्रान्स आणि इंग्लंड असा मोठा वळसा घालून इंग्रजांबरोबर आला. सोलापूरच्या ज्या भुईकोट किल्ल्यासाठी आदिलशाही आणि निजामशाही यांच्यात वारंवार संघर्ष झाला, त्या दोन्ही राजवटींच्या नावांत हाच ‘शाह’ आहे. घराघरात घातल्या जाणाऱ्या शहाबादी फरशीला जिचे नाव मिळाले, त्या शहाबाद या गावाच्या नावातही तोच आहे. मागची वाट अशी आपल्या ओळखीच्या शब्दांना येऊन मिळाली की त्या जागी वहीत ठळक खूण करावी. माझ्या मते शब्दाचा माग काढण्यातला सर्वांत मोठा आनंद येथेच आहे, आणि भाषांतरित अर्थ पाठ करणाऱ्याला तो कधीच मिळत नाही.

‘चेकमेट’ही याच ठिकाणी सोडवून टाकावे. ते फारसी ‘शाह मात’ आहे. अरबी क्रियापदाच्या आधारे त्याचा अर्थ ‘राजा मेला’ असा पूर्वापार सांगतात, परंतु फारसी ‘मात’चा अर्थ हतबल झालेला, निरुपाय झालेला असा आहे आणि तोच खेळाला अधिक जुळतो, कारण बुद्धिबळात राजा कधी मारला जात नाही, तो कोंडला जातो. मराठीत आपण ‘संकटावर मात केली’ म्हणतो ती मात हीच.

पाचवी पायरी : प्रत्येक सांध्याचे कारण लिहावे

मूळ सापडले की काम संपले असे समजू नये. मुळापासून आजच्या प्रत्येक अर्थापर्यंत परत यायचे असते, आणि प्रत्येक पावलाला ‘हा अर्थ मागच्या अर्थातून का निघावा?’ या प्रश्नाचे उत्तर द्यायचे असते. उत्तर देता आले नाही, तर मधली एखादी कडी सुटली आहे असे समजून पुन्हा कोशाकडे जावे.

पहिला सांधा सोपा आहे. राजाला शह बसला की खेळाडूला मनात ठरवलेली चाल सोडून आधी राजा वाचवावा लागतो, म्हणजेच त्याची आगेकूच थांबते. यातून ‘अचानक अडवणे’, ‘रोखणे’, ‘लगाम घालणे’ हे अर्थ निघाले. मराठीतही ‘प्रतिस्पर्ध्याला शह दिला’ असे आपण राजकारणाच्या बातम्यांत वाचतो. येथपर्यंत दोन्ही भाषा बरोबरीने चालल्या आहेत. यापुढे मराठीचा ‘शह’ स्पर्धेच्या मैदानातच राहिला आणि इंग्रजीचा ‘चेक’ हिशेबाच्या कचेरीत शिरला.

दुसरा सांधा नीट समजून घ्यावा लागतो, कारण रोखण्यापासून तपासण्यापर्यंत उडी दिसते तितकी सरळ नाही. कोणाच्या गैरव्यवहाराला आळा घालायचा, तर त्याच्या नोंदी दुसऱ्या नोंदींशी ताडून पाहणे हा एक उपाय असतो, आणि म्हणून आळा घालण्याचे साधन या अर्थाकडून पडताळणी या अर्थाकडे शब्द सरकला. ‘तपासणे’ हा अर्थ इंग्रजी लेखनात सतराव्या शतकाच्या अखेरीस आढळू लागतो, म्हणजे खेळातील अर्थानंतर तीनशेहून अधिक वर्षांनी. ‘कंट्रोल’ या शब्दाचा प्रवासही याच कचेरीतून गेला आहे. त्याचे मूळ मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘पडताळणीसाठी ठेवलेली दुसरी गुंडाळी’, म्हणजे हिशेबाची दुसरी प्रत असे आहे.

तिसरा सांधा धनादेशाचा. अठराव्या शतकाच्या आरंभी ‘चेक’ म्हणजे पैसे देण्याच्या चिठ्ठीची पडताळणीसाठी मागे ठेवलेली स्थळप्रत. चिठ्ठीत कोणी फेरफार केला, तर स्थळप्रतीशी ताडून तो पकडता येई. पुढे स्थळप्रतीचे हे नाव मूळ चिठ्ठीलाच चिकटले. आजही चेकबुकात डाव्या बाजूला किंवा आरंभीच्या पानांवर रक्कम लिहून ठेवण्याची जागा असते. शब्दाचा जुना अर्थ तेथे अजून नांदतो आहे, आणि ती जागा कोरी सोडणाऱ्यांनी निदान एवढ्यासाठी तरी ती भरावी. ब्रिटनमध्ये या अर्थासाठी सी-एच-ई-क्यू-यू-ई हे वेगळे स्पेलिंग रूढ झाले, अमेरिकेत मात्र साधेच राहिले. भारतात धनादेशासारख्या कागदांविषयीचा १८८१चा परक्राम्य संलेख अधिनियम इंग्रजांनी केला, त्यामुळे आपल्याकडे ब्रिटिश स्पेलिंग आले.

चौथा सांधा वेगळ्या फांदीवर आहे, आणि सोलापूरकराने तो विशेष लक्षपूर्वक पाहावा. कापडावरची चौकडी ‘तपासण्या’तून निघालेली नाही. ती थेट बुद्धिबळाच्या पटातून निघाली. पटाला जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेकिए’ म्हणत, आणि पटासारखी घरे असलेल्या कापडाला त्यावरूनच नाव मिळाले. चौकडी विणण्यासाठी ताण्यात, म्हणजे उभ्या धाग्यांत, रंगीत धाग्यांचे पट्टे ठेवून बाण्यातही, म्हणजे आडव्या धाग्यांतही, तसेच पट्टे आणावे लागतात. बाण्याचा धागा आरपार नेणाऱ्या धोट्याच्या मागावर त्याचा रंग बदलायचा, तर एकाहून अधिक धोटे चालवणारी रचना लागते, आणि हे काम जाणणारा विणकर ‘पट’ या कल्पनेचे स्पष्टीकरण कोणत्याही कोशापेक्षा चांगले देऊ शकेल.

त्याच पटाने इंग्लंडच्या तिजोरीलाही नाव दिले. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा महसूल मोजण्यासाठी सुमारे दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद मेज वापरत आणि त्यावर रेघांनी घरे पाडलेले काळे कापड अंथरत. पेनी, शिलिंग, पौंड आणि त्यापुढील रकमांसाठी वेगवेगळे रकाने असत आणि त्यांत सोंगट्या ठेवून बेरीज-वजाबाकी केली जाई, कारण आकडे वाचता न येणाऱ्या वसुली अधिकाऱ्यालाही हिशेब डोळ्यांनी दिसला पाहिजे. त्या खात्याच्या एका अधिकाऱ्याने त्याच शतकात लिहून ठेवले आहे की पटावर दोन राजे झुंजतात तसे येथे खजिनदार आणि वसुली अधिकारी झुंजतात. या मेजावरून खात्याला ‘एक्सचेकर’ हे नाव पडले, आणि ब्रिटनचा अर्थमंत्री आजही चान्सलर ऑफ द एक्सचेकर म्हणवला जातो. त्यातील आरंभीचा ‘एक्स’ मात्र लॅटिन उपसर्ग समजून चुकीने घातला गेला आहे. धनादेशाच्या ब्रिटिश स्पेलिंगवर याच शब्दाची छाया पडली. अशा रीतीने दोन वेगळ्या फांद्या शेवटी स्पेलिंगमध्ये एकमेकींना भिडल्या.

ही सगळी मांडणी वहीच्या एका पानावर वंशावळीसारखी काढावी. वर ‘शाह’, त्याखाली ‘राजाला शह’, तेथून एक फांदी अडवणे, तपासणे, स्थळप्रत, धनादेश अशी उतरते, आणि दुसरी पट, चौकडी, एक्सचेकर अशी. चेक पोस्टपुढे केलेले प्रश्नचिन्ह आता काढता येते. ते अडवणे आणि तपासणे यांच्या मधल्या सांध्यावरच उभे आहे.

सहावी पायरी : खोटे नातेवाईक ओळखावेत

ध्वनी सारखा म्हणून मूळ सारखे असे धरू नये. चेक प्रजासत्ताक या देशाचे नाव देवनागरीत हुबेहूब तसेच लिहिले जाते, पण ते तेथील लोकांचे स्वतःचे नाव आहे आणि त्याचा बुद्धिबळाशी काही संबंध नाही. इंग्रजीत ‘मेट’ म्हणजे सोबतीही होतो, परंतु तो जर्मन कुळातला शब्द आहे आणि ‘चेकमेट’मधला मेट फारसी.

सोलापुरात आणखी एक सापळा आहे. पूर्व भागात तेलुगू बोलणाऱ्या घरांत ‘चेक्कु’ म्हणजे कोरणे आणि ‘चेक्क’ म्हणजे लाकूड किंवा फळी. पूर्वी हिशेबाच्या खुणा लाकडावर कोरीत, मग ‘चेक’ तेथूनच आला असला पाहिजे, असा तर्क एखादा चुणचुणीत विद्यार्थी करील आणि तो ऐकायला अतिशय पटण्याजोगा वाटेल. अशा तर्काला दोन प्रश्न विचारावेत : सर्वांत जुने लिखित उदाहरण कोणत्या भाषेत, कोणत्या काळी आहे? आणि मधल्या भाषांत त्याची रूपे सापडतात का? ‘चेक’च्या इंग्रजी रूपामागे फ्रेंच आणि लॅटिनची सलग साखळी आहे, तेलुगूकडून इंग्रजीकडे जाणारी एकही कडी नाही. तेलुगूतही धनादेशाला ‘चेक्कु’च म्हणतात, परंतु तो इंग्रजीतून आलेला पाहुणा आहे आणि घरच्या ‘चेक्कु’शी त्याचे फक्त रूप जुळते.

सातवी पायरी : देशपरत्वे बदल नोंदवावेत

ही पायरी लवकर आटोपते. अमेरिकेत हॉटेलात ‘चेक’ मागितला तर जेवणाचे बिल येते, बरोबरची खूण ही ‘चेक मार्क’ असते, आणि सोंगट्यांच्या एका खेळाला ‘चेकर्स’ म्हणतात. सामान सोपवल्यावर मिळणारा बिल्लाही चेकच असतो, आणि विमानतळावरचे ‘चेक-इन’चे सामान त्या अर्थाच्या जवळचे आहे. यांतील प्रत्येक अर्थ आपल्या वंशावळीत कोठे टांगायचा ते वाचकाने स्वतः ठरवावे. बिल आणि बिल्ला स्थळप्रतीजवळ जातील, चेकर्स पटाजवळ जाईल.

पुढचे शब्द

रीत हाताला बसण्यासाठी लागोपाठ दोन-तीन शब्द करावेत. सोलापूरकराला ‘मिल’ हा शब्द सर्वांत जवळचा पडेल. त्याचा माग काढताना लॅटिनमध्ये जात्याच्या दगडापर्यंत पोहोचता येते, आणि दाढेला डॉक्टर ‘मोलर’ का म्हणतात तेही वाटेत कळते. मराठीत ‘गिरणी’ हा एकच शब्द पिठालाही चालतो आणि कापडालाही, त्यामुळे दळणापासून कारखान्यापर्यंतचा सांधा शोधताना अडचण येणार नाही. त्यानंतर ‘बिल’ घ्यावा. त्यात पक्ष्याची चोच आणि दुकानाची पावती यांच्या नोंदी वेगळ्या क्रमांकांखाली दिसतील, आणि पावतीच्या मुळाशी लॅटिनमधील मोहोर किंवा शिक्का सापडेल. ‘बँक’ हा शब्द मात्र मागाहून हाताळावा. पैशांची बँक इटालियन सावकारांच्या बाकावरून आली आणि नदीचा काठ उत्तर युरोपातून. कोशात त्यांचे क्रमांक वेगळे असतात, परंतु दोन्ही नोंदींतील व्युत्पत्ती शेवटपर्यंत वाचल्यास त्या एकाच जर्मन कुळातील मुळाशी येऊन मिळतात. म्हणून तेथे वेगळा क्रमांक पाहून वाचन मध्येच थांबवू नये.